वारसा हवा, ऋण नको

काही काळापूर्वी एका महाविद्यालयात 'महाकाव्य आणि राष्ट्र' या विषयावर चर्चासत्र होते. समारोपाला एका व्यासंगी वक्त्यांनी एक वाक्य उच्चारले : प्रत्येक राष्ट्राला आपला भूतकाळ निवडण्याचा अधिकार असतो. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी मी त्यांना विचारले, "सर, ज्यांचा भूतकाळ निवडला जातो त्या मृतांना काही अधिकार असतो की नाही?" ते हसून म्हणाले, "मृतांना अन्वयार्थ पुरतो हो, अधिकार कशाला?" वाक्य चटकदार होते आणि त्यामुळेच ते पुढे बरेच दिवस मनात घोळत राहिले. विचार करता करता ते केवळ चटकदार आहे, खरे नाही, अशी माझी खात्री झाली. त्या वाक्याचा प्रतिवाद करणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उदाहरण दुसरीकडून शोधायला नको. 'दिगेनिस अक्रितास' हे ग्रीकांचे राष्ट्रीय महाकाव्य, असे वक्ते ओघात म्हणून गेले होते. ते ज्या साम्राज्यात जन्माला आले त्याला आपण 'बायझंटाईन साम्राज्य' म्हणतो. इ.स. ३३० मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने बॉस्फरसच्या काठावर नव्या राजधानीची प्रतिष्ठापना केली आणि २९ मे १४५३ रोजी ती उस्मानी सुलतान दुसरा मेहमद याच्या हाती पडली. या अकराशे वर्षांवर नंतरच्या राष्ट्रांनी जी भाऊबंदकी मांडली, ती पाहिली म्हणजे 'निवडण्याचा अधिकार' या शब्दांमागे काय दडलेले असते ते ध्यानात येते.

नावापासूनच आरंभ करू. या साम्राज्यातले लोक स्वतःला बायझंटाईन म्हणवून घेत नसत. ते स्वतःला 'रोमन' म्हणत, आपल्या देशाला 'रोमानिया' म्हणत, आणि हे सारे ग्रीक भाषेत म्हणत. रोमची राजधानी पूर्वेला आली, राज्याचा धर्म बदलला, कारभाराची भाषा बदलली. पण राज्य तेच, अशी त्यांची धारणा होती. पश्चिम युरोपला ही धारणा अडचणीची होती. इ.स. ८०० मध्ये पोपने शार्लमेनला सम्राटपदाचा मुकुट घातल्यावर रोमचा दुसरा एक वारस उभा राहिला होता. मग पूर्वेकडचे ते नुसते 'ग्रीक' ठरले. साम्राज्य बुडून शंभर वर्षे उलटल्यावर, १५५७ साली, हायरोनिमस वोल्फ या जर्मन पंडिताने तेथील इतिहासकारांचे ग्रंथ छापताना 'बायझंटाईन' हे विशेषण वापरले. राजधानीच्या जागी पूर्वी जे ग्रीक नगर होते त्याच्या नावावरून ते घेतलेले होते. पुढे माँतेस्क्यला या इतिहासात बंडे आणि विश्वासघात यांखेरीज फारसे काही दिसले नाही. गिबनने आपल्या ग्रंथात सुमारे सहाशे वर्षांचे सम्राट एकाच, ४८व्या, प्रकरणात उरकले. इंग्रजीत 'बायझंटाईन' हा शब्द अजूनही गुंतागुंतीच्या आणि कपटी कारभाराला लावला जातो. म्हणजे आधी मृताचे नाव बदलले आणि मग त्या नव्या नावाची शिवी केली. आपण अध्यापक मंडळी ती शिवी इंग्रजीतून उचलतो आणि संज्ञा म्हणून वर्गात सांगतो.

गंमत अशी, की हे खरे नाव आपल्या भाषेत केव्हाचे येऊन बसले आहे. आपल्या बखरींतून 'रूमशाम' ही जोडी भेटते, त्यातला 'रूम' हाच. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी 'रुमी मस्तकी' त्याच मुलखाची. तेराव्या शतकात कोन्या येथे राहिलेला जलालुद्दीन कवी 'रूमी' म्हणून ओळखला गेला, कारण तो प्रदेश सेल्जुकांनी जिंकल्यावरही 'रूम'च राहिला. अरबी-फारसीने शत्रूचे नाव पुसले नाही. अभ्यासकांनी जे नाव घालवले, ते काष्ठौषधीवाल्याने राखले.

आता वारसदारांकडे वळू. ग्रीस १८३० साली स्वतंत्र राज्य म्हणून मान्य झाले, तेव्हा त्याला प्राचीन अथेन्स हवे होते, मध्ययुगीन कॉन्स्टँटिनोपल नको होते. कोराइससारख्या प्रबोधनकाराला ती मधली शतके म्हणजे अंधार वाटे. पण त्याच वर्षी फाल्मेरायर या जर्मन इतिहासकाराने, आजच्या ग्रीकांत प्राचीन ग्रीकांचे रक्तच उरलेले नाही, असा सिद्धान्त मांडला. त्याला उत्तर द्यायचे तर मधली हजार वर्षे भरून काढणे भाग होते. पापारिगोपुलोसने १८६० ते १८७४ या काळात ग्रीक राष्ट्राचा जो विस्तृत इतिहास लिहिला, त्यात बायझंटाईन कालखंड हा प्राचीन आणि अर्वाचीन ग्रीसमधला सांधा ठरला. कालपर्यंतचा अंधार एकदम वडिलार्जित झाला. त्याआधीच, १८४४ साली, कोलेत्तिसने संविधानसभेत 'महान संकल्पने'चा उच्चार केला होता : जेथे जेथे ग्रीक, तेथे तेथे ग्रीस, आणि त्याची दोन केंद्रे, अथेन्स आणि कॉन्स्टँटिनोपल.

या पार्श्वभूमीवर 'दिगेनिस अक्रितास'कडे पाहावे. हे काव्य १८७५ साली प्रथम छापले गेले आणि पाहता पाहता राष्ट्रीय महाकाव्याच्या पदाला पोचले. पण 'दिगेनिस' या शब्दाचा अर्थच मुळी 'दोन कुळांत जन्मलेला' असा आहे. नायकाचा पिता सीरियातला अरब अमीर, माता रोमन सरदाराची कन्या. अमीर तिच्यासाठी धर्म बदलतो. तेव्हा त्याची म्हातारी आई, म्हणजे नायकाची अरब आजी, त्याला पत्र पाठवते. धर्म, आप्त आणि देश सोडल्याबद्दल त्याला खडसावते. पुढे काव्य तिचेही धर्मांतर घडवून आणते, हे खरे. ते सेक्युलर वगैरे मुळीच नाही. पण तिचा संताप ऐकवल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. 'अक्रितास' म्हणजे सीमेवरचा. फरात नदीकाठच्या त्या सीमेवर दोन्ही बाजूंच्या सोयरिकी होतात, आणि त्याच सोयरिकीतून नायक जन्मतो. एका रक्ताचा पुरावा म्हणून नेमके हेच काव्य निवडले जावे, यासाठी ते न वाचण्याची फार मोठी क्षमता अंगी असावी लागते.

रशियाची तऱ्हा वेगळी. तिसऱ्या इव्हानने १४७२ साली अखेरच्या सम्राटाची पुतणी सोफिया हिच्याशी विवाह केला. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्स्कोव्हजवळच्या मठातील फिलोफेई या साधूने पत्रांतून लिहिले, की दोन रोम पडली, तिसरे मॉस्को उभे आहे आणि चौथे होणार नाही. साधूच्या लेखी ही राज्यकर्त्याला दिलेली धर्मभयाची ताकीद होती : श्रद्धा ढळली तर पुढे कोणी सावरणारा नाही. एकोणिसाव्या शतकात त्या ताकिदीची सनद झाली. दस्तयेव्हस्कीसारख्या कादंबरीकाराने आपल्या 'लेखकाच्या रोजनिशी'त १८७६-७७ साली कॉन्स्टँटिनोपल आज ना उद्या आमचेच झाले पाहिजे, असे प्रतिपादन केले. 'करामझोव्ह बंधू' शिकवताना आपण हे पान सहसा उघडत नाही. २००८ साली रशियाच्या सरकारी दूरचित्रवाणीवर एका मठाधिपतीने केलेला माहितीपट दाखवला गेला. बायझंटियम बुडाले ते पश्चिमेच्या नादाला लागून आणि धनदांडग्यांना आवर न घातल्यामुळे, असा त्याचा बोध. चौदाव्या-पंधराव्या शतकांतली माणसे एकविसाव्या शतकातल्या मॉस्कोची वकिली करण्यासाठी उभी केली गेली.

तुर्कस्तानचा दावा सर्वांत विलक्षण, कारण तिथे एकेकाळी वारसा मान्य होता. कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या मेहमदने 'कैसर-ए-रूम' ही पदवी धारण केली. पुढच्या प्रजासत्ताकाला मात्र हित्ती आणि सुमेरी पूर्वज अधिक सोयीचे वाटले. १९३०च्या दशकात त्यांच्या नावाने सरकारी बँकाही निघाल्या : सुमेरबँक, एतिबँक. अकराशे वर्षांच्या रोमन राज्याच्या वाट्याला बँक आली नाही. त्याच्या वाट्याला 'बिझान्स ओयुनू' हा वाक्प्रचार आला, म्हणजे राजकारणातले कारस्थान. आणि तरीही त्याच तुर्की भाषेत इस्तंबुलमधल्या ऑर्थोडॉक्स ग्रीकाला आजही 'रूम' म्हणतात. ५३७ साली पूर्ण झालेली हागिया सोफिया १४५३ पासून मशीद होती. १९३४च्या निर्णयाने ती संग्रहालय झाली आणि जुलै २०२० मध्ये पुन्हा मशीद. प्रत्येक वेळी निर्णय करणाऱ्यांनी इतिहासाचीच साक्ष काढली.

येथे पूर्वपक्ष मांडला पाहिजे, आणि तो दुबळा करून मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. इतिहास म्हणजे अन्वयार्थच. निखळ भूतकाळ कोणाच्याच हाती लागत नाही. शिवाय नवजात राष्ट्राला आधार लागतो. फाल्मेरायरसारखा कोणी तुमचे अस्तित्वच नाकारू लागला तर उत्तर देणे हा गुन्हा कसा? येट्सने १९२६ साली बायझंटियमवर कविता लिहिली तेव्हा त्यानेही आपल्याला हवे तेच घेतले. मग राष्ट्रांनाच दोष का?

उत्तर असे. पापारिगोपुलोसविषयी मला सहानुभूती आहे. पण अर्थ लावणे आणि हक्क सांगणे या दोन भिन्न क्रिया आहेत. येट्सने वार्धक्यावरचे आपले उत्तर त्या नगरात शोधले, पण त्यापायी कोणाला घर सोडावे लागले नाही. उलट 'महान संकल्पने'च्या पोटातून १९१९ची आशिया मायनरवरची मोहीम निघाली आणि १९२२ साली तिचा सर्वनाश झाला. मग १९२३च्या लोझान करारान्वये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल ठरली. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसच्या आणि सुमारे चार लाख मुसलमान तुर्कस्तानच्या वाट्याला गेले. निकष धर्माचा होता. त्यामुळे घरात तुर्की बोलणारे अनातोलियातले ख्रिस्ती 'ग्रीक' ठरून हद्दपार झाले आणि ग्रीक बोलणारे क्रीटमधले मुसलमान 'तुर्क' ठरून. दिगेनिसचे खरे वंशज कोणी असतील तर ते हेच, आणि वारसदारांच्या वाटणीत त्यांनाच जागा उरली नाही.

पुढे अमेरिकेत बायझंटाईन इतिहासाचे प्राध्यापक झालेले पीटर चारानिस आपल्या बालपणीची एक आठवण सांगत. १९१२ साली ग्रीक सैन्य लेमनोस बेटावर उतरले तेव्हा मुले धावत पाहायला गेली. काय पाहता, असे सैनिकांनी विचारल्यावर मुले म्हणाली, ग्रीक कसे असतात ते पाहतो. मग तुम्ही ग्रीक नाही का? नाही, मुले म्हणाली, आम्ही रोमन. साम्राज्य बुडून साडेचारशे वर्षे झाली होती. मुक्तिदात्यांना मात्र ती मुले कोण आहेत हे आधीच ठाऊक होते.

म्हणून त्या वक्त्यांना माझे उत्तर असे, की मृतांना एक अधिकार नक्कीच असतो : त्यांनी स्वतःला काय म्हटले ते ऐकून घेतले जाण्याचा. त्यानंतर त्यांच्याशी असहमत व्हा, हवी ती टीका करा. पण ते न ऐकता केलेला अन्वयार्थ हा अन्वयार्थ नसतो, तो ताबा असतो. अँथनी काल्डेलिससारखे अभ्यासक गेली काही वर्षे आग्रहाने म्हणत आहेत, की या लोकांना त्यांच्याच नावाने रोमन म्हणा. मुद्दा वरवर पारिभाषिक वाटतो. वर लेमनोसची मुले पाहिल्यावर तो तसा वाटू नये.

वारशाची आणखी एक कसोटी आपल्या परंपरेतच आहे. आपल्या धर्मशास्त्राने पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे कर्तव्य मानले. जमीन हवी तर कर्जही पत्करा. या न्यायाने पाहिले तर यांपैकी एकही वारस टिकत नाही. दुसऱ्या बेसिलने १०१४ साली बल्गेरियन कैद्यांचे डोळे काढले, असे तिथलाच इतिहासकार सांगतो. त्याची आठवण ग्रीसमध्ये ऋण म्हणून राहिली नाही. पेनेलोपी डेल्टाने १९११ साली त्या 'बल्गारसंहारका'च्या काळावर मुलांसाठी अभिमानाची कादंबरी लिहिली. १२०४ साली पश्चिमेच्या धर्मयोद्ध्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटले; तेथून नेलेले कांस्याचे चार घोडे आजही व्हेनिसच्या सेंट मार्कमध्ये आहेत. पोपकडून त्याबद्दल खेदाचे शब्द यायला २००१ साल उजाडावे लागले.

कवाफी या अलेक्झांड्रियाच्या ग्रीक कवीने मात्र १९२५ साली एका छोट्या कवितेसाठी वेगळाच प्रसंग निवडला. राजमुकुटाची रत्ने १३४३ साली व्हेनिसकडे गहाण पडली होती, ती कधीच सुटली नाहीत. १३४७ साली योआनिस कांताकुझिनोस आणि त्याची राणी यांचा राज्याभिषेक झाला तेव्हा मुकुटात रंगीत काचा बसवल्या होत्या. जस्टिनियनचे सोने मागायला तीन राष्ट्रे उभी आहेत. त्या काचांवर अजून कोणी हक्क सांगितलेला नाही.