हसायला चालतं, बघायला चालत नाही

विनोदी कार्यक्रमात एखादा पुरुष साडी नेसून, कंबर हलवत आला की आपल्या घरात आजीपासून नातवापर्यंत सगळे खो-खो हसतात. तेव्हा कुणी मुलांना आतल्या खोलीत पाठवत नाही. पण पडद्यावर दोन पुरुष साध्या कपड्यांत एकमेकांकडं मायेनं बघत बसले, की लगेच ‘चॅनेल बदला गं, मुलं बसलीत!’ टिंगल सगळ्या घरादारासाठी, आणि माया मात्र फक्त मोठ्यांसाठी. हा कुठला न्याय, बायांनो?

मी काही समीक्षक नाही. बेळगावात वाढलेली, मराठी, हिंदी, कन्नड मिळेल ते बघणारी बाई आहे मी. पण इतकी वर्षं बघून एवढं कळतं, की आपल्या पडद्यावर समलिंगी माणसाला दोनच कामं मिळत आली : एक हसवायचं, नाहीतर मरायचं.

हसवण्याचं आधी बघू. २००३ चा ‘कल हो ना हो’ आठवा. त्यातली कांताबेन दोन पुरुषांना एका अंथरुणात बघते आणि हादरते. ते दोघं तसे नाहीतच, हाच विनोद. आणि तो सिनेमाभर पुन्हा पुन्हा येतो. २००८ च्या ‘दोस्ताना’त तर दोन नायक मायामीत भाड्यानं घर मिळावं म्हणून जोडपं असल्याचं सोंग घेतात. सोंग आहे म्हणून आपण निर्धास्त हसलो. खरं असतं तर?

खरं होतं तेव्हा काय झालं, तेही आपल्याला माहीत आहे. दीपा मेहतांच्या ‘फायर’मध्ये एका घरातल्या दोन जावा एकमेकींचा आधार होतात. नवऱ्यांनी टाकल्यासारख्या राहणाऱ्या बायका त्या! १९९८ मध्ये तो सिनेमा इथं लागला आणि मुंबईत थिएटरं फोडली गेली. जावांनी एकमेकींचा दुस्वास केला तर त्यावर हजार भागांची मालिका निघते, रोज रात्री जेवताना आपण ती बघतो. त्यांनी एकमेकींवर जीव लावला की मात्र काचा फुटतात.

‘हे सगळं बाहेरचं खूळ, आपल्यात असलं काही नसतं,’ असं मंडळातल्या बायका मला सांगतात. नसतं कसं? तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये मराठी रंगभूमीवर आलं. रोहिणी हट्टंगडींनी त्यात मित्राचं काम केलं. पुढच्याच वर्षी ‘उंबरठा’त महिलाश्रमातल्या दोघींचं नातं दिसलं. चाळीस वर्षं उलटून गेली की! फक्त मित्राच्या वाट्याला शेवटी आत्महत्या आली आणि आश्रमातल्या त्या दोघी सोडवायचा प्रश्न म्हणूनच आल्या.

आणि प्राध्यापक रामचंद्र सिरस कोण होते? नागपूरकडचा माणूस, अलीगढच्या विद्यापीठात मराठी शिकवणारा, मराठीत कविता लिहिणारा. आपल्यासारखाच महाराष्ट्राबाहेर मराठी जपणारा. २०१० मध्ये त्यांच्या घरात घुसून चित्रण केलं गेलं, त्यांना निलंबित केलं गेलं. उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली, आणि काही दिवसांतच ते घरात मृतावस्थेत सापडले. हंसल मेहतांच्या ‘अलिगढ’मध्ये मनोज बाजपेयी लताबाईंचं गाणं ऐकत एकटाच बसतो, तो प्रसंग बघा. त्यात अश्लील काय आहे? तरी या सिनेमाच्या ट्रेलरला सेन्सॉर मंडळानं प्रौढांचं प्रमाणपत्र दिलं होतं.

‘मुलांवर परिणाम होतो’ हा दुसरा मुद्दा. होतो ना! पण कशाचा? एखाद्या घरातला पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी तसं असेल, तर ते पडद्यापेक्षा तुमच्याकडं जास्त बघत असतं. आई कशाला हसली, काकू कशाला ‘शी’ म्हणाली, हे ते मनात टिपून ठेवतं. त्या दिवसापासून ते तुम्हाला काही सांगत नाही. मनानं, वाणीनं, कायेनं हिंसा नको, असं पाठशाळेत शिकलेल्या आपण. ही वाणीची हिंसा नाही तर काय?

मग असं लेकरू मोठं होतं आणि आपण त्याला वधू-वर मेळाव्यात उभं करतो. ‘लग्न झालं की होईल नीट.’ ‘बधाई दो’मध्ये पोलीस नायक आणि शिक्षिका नायिका घरच्यांची तोंडं बंद करायला लग्न करतात, दोघांनाही एकमेकांचं माहीत असतं, म्हणून ते निभावतं. खऱ्या आयुष्यात नवरीला कुणी काही सांगत नाही. ती वर्षानुवर्षं आरशात बघून स्वतःतच खोट शोधत बसते. या खोटेपणाची किंमत शेवटी एक बाईच मोजते, हे तरी आपण बायकांनी विसरू नये.

म्हणून मला ‘साबर बोंडं’ फार मोलाचा वाटतो. रोहन कानवडेंच्या या मराठी सिनेमाला २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचं मोठं पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर मुलगा मुंबईहून दहा दिवसांच्या सुतकाला गावी येतो. तिथं त्याचा लहानपणीचा शेतकरी मित्र भेटतो. नातेवाईक लग्नाचा लकडा लावतात, आणि आईला सगळं ठाऊक असतं. ती भाषण देत नाही की रडून घर डोक्यावर घेत नाही. मुलाच्या बाजूनं उभी राहते, बस्स. यात कुणी विदूषक नाही, आणि ज्याचं प्रेम आहे त्याला मरावंही लागत नाही.

मला असे आणखी सिनेमे हवेत. आणि मालिकाही हव्यात, रोज रात्री आठला लागणाऱ्या, ज्यात असा एखादा काका भाजी निवडतो, भाचीची फी भरतो, दिवाळीला जोडीदारासोबत फराळाला येतो. अगदी कंटाळवाणा असला तरी चालेल. कंटाळवाणं असण्याचा हक्कसुद्धा त्याला आजवर मिळालेला नाही.

वाहिन्या म्हणतात, ‘बायकांना हे चालत नाही.’ आपल्या नावावर खपवलेलं हे वाक्य आपणच खोडून काढायला हवं. साडी नेसवलेल्या पुरुषावरचा विनोद लागला की चॅनेल बदला, आणि दोन माणसांची माया दिसली की मुलांना खुशाल बसू द्या.