बिअर बिघडते कुठे? टाकीत की दुकानाच्या दारात?

धाराशिवमध्ये एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. अशा उन्हात दुकानाबाहेर रचून ठेवलेले बिअरचे क्रेट आपल्याकडे नवे नाहीत. संध्याकाळी तीच बाटली फ्रीजमधून थंडगार बाहेर येते. ती गार होते, पण गेलेली चव परत येत नाही. ग्राहक मात्र कंपनीला बोल लावतो.

टाकीत काय जपतात?

मोड आणून वाळवलेली बार्ली, हॉप्स, यीस्ट आणि पाणी, एवढीच बिअरची सामग्री. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. म्हणून पाण्याचा जडपणा आधी तपासावा लागतो. आंबवण्याची घाई केली तर लोण्यासारखा वास राहतो. टाकी किंवा पाइप नीट धुतला नाही तर नको ते जंतू वाढून बिअर आंबट होते. एवढी काळजी बहुतेक कारखाने घेतात.

भरताना खरी कसोटी

तयार बिअरचा मोठा शत्रू म्हणजे ऑक्सिजन. तो शिरला की काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. म्हणून बाटलीतली हवा आधी कार्बन डायऑक्साइडने काढतात आणि फेस तोंडापर्यंत आणूनच झाकण लावतात. चांगले कारखाने ऑक्सिजनचे प्रमाण अब्जात 50 भागांच्या आसपास रोखू पाहतात. आपल्याकडे 650 मिलीच्या बाटल्या परत येऊन पुन्हा भरल्या जातात. त्यांची धुलाई आणि तपासणीही तितकीच महत्त्वाची.

गेटबाहेर वाली कोण?

मराठवाड्यातले बिअरचे मोठे कारखाने छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज परिसरात आहेत. तिथून बीडमार्गे धाराशिवला येईपर्यंत माल ट्रकमध्ये, मग गोदामात, मग दुकानात तापतो. या धंद्यात एक ढोबळ हिशेब सांगतात: 32 अंशांवर 3 दिवसांत बिअर जेवढी शिळी होते, तेवढी 22 अंशांवर 30 दिवसांत आणि फ्रीजच्या थंडाव्यात 300 दिवसांत होते. उन्हाचा तर वेगळाच घाव. प्रकाशाने हॉप्समधले घटक बदलतात आणि उग्र वास सुटतो. तपकिरी काच तो बराच अडवते, हिरवी आणि पांढरी फारसा नाही.

मोठ्या कंपन्यांची बाटली बहुधा पाश्चराइझ केलेली असते. म्हणजे 60 अंशांच्या आसपास काही मिनिटे तापवून जंतू मारलेले असतात. क्राफ्ट बिअर अनेकदा अशी तापवत नाहीत. पुण्यात 2009 मध्ये डूलाली सुरू झाली. अशा मायक्रोब्रुअरीत बिअर जिथे बनते तिथेच ग्लासात पडते, म्हणून धोका कमी. फक्त नळाची पाइपलाइन दर दोन आठवड्यांनी धुतली पाहिजे. पण तीच बिअर कॅनमध्ये भरून दूर पाठवायची, तर वाटभर थंडावा हवाच.

मग करायचे काय?

लेबलवरची तारीख किती दिवस झाले ते सांगते. ते दिवस उन्हात गेले की सावलीत, हे सांगत नाही. माझ्या मते जबाबदारी कारखान्याच्या गेटवर संपता कामा नये. कंपन्यांनी वितरकाच्या गोदामाचे तापमान तपासावे आणि तापलेला माल परत घ्यावा.

दुकानदार म्हणतील, छापील किमतीत विजेचे बिल कुठून भागवायचे? प्रश्न रास्त आहे. पण क्रेट सावलीत ठेवायला आणि आधी आलेला माल आधी विकायला पैसा लागत नाही.

आपल्या भूम-परंड्याकडे खव्याला जरा वास आला तर गिऱ्हाईक लगेच परत करते. बिअर मात्र ‘कडकच असते’ म्हणून गिळली जाते. शिळ्या बिअरने सहसा आजार होत नाही, पण पैसे पूर्ण घेऊन माल अर्धा देणे ही फसवणूकच. भरल्याची तारीख पाहा, उन्हातली बाटली नाकारा. गिऱ्हाईक विचारू लागले की क्रेट आपोआप सावलीत जातील.