गाजरगवताचा सप्ताह

परवा सकाळी फिरायला निघालो तर गावाबाहेरच्या गायरानात ही गर्दी! फलक धरलेली शाळेची मुलं, दोनचार पुढारी, एक साहेब आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल. मग लक्षात आलं, गाजरगवत जनजागृती सप्ताह. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला असतो. अर्ध्या तासात फोटो झाले. उपटलेली झाडं, पांढऱ्या फुलांनी डवरलेली, नाल्याच्या काठावर टाकून मंडळी चहाला गेली.

त्यांना हसण्याचा मला अधिकार नाही. नोकरीत असताना मीही हेच केलं आहे. ऐन फुलोऱ्यात, उघड्या हातांनी, मुलांकडून. दुसऱ्या दिवशी एका मुलाचे हात आणि तोंड सुजलं. त्याची आई शाळेत आली. बोलली काहीच नाही, नुसते मुलाचे हात माझ्यासमोर धरून उभी राहिली. आणि आम्ही ढीग टाकला होता तो नाल्याचा काठ पुढच्या पावसाळ्यात पांढराशुभ्र!

गणित माझा विषय नव्हता, पण हे साधं आहे. एक झाड दहा ते पंचवीस हजार बिया टाकतं. शंभर झाडं पिकून वाहत्या नाल्याकाठी टाकली की दहा ते पंचवीस लाख बिया आपणच पेरल्या. ज्या जबलपूरच्या तण संशोधन निदेशालयाच्या नावाने हा सप्ताह होतो, तेसुद्धा फुलं येण्याआधी उपटा असंच सांगतं. मग आपल्याकडे मुहूर्त फुलांचा का? जूनच्या शेवटी आणि जुलैत, गाजराच्या पाल्यासारखी पानं जमिनीला चिकटलेली असताना, ओल्या मातीतून मुळासकट आणि हातमोजे घालून उपटलं पाहिजे. नंतर उगवतं ते पुन्हा उपटायचं. पण तेव्हा फोटोत काही दिसत नाही ना!

आमचे जावईबापू म्हणतात, "बाबा, एक फवारणी मारा, विषय संपला." जावईबापू, राग मानू नका. वावराच्या धुऱ्यावर ठीक असेल. पण गायरानात सगळं जाळणारं तणनाशक मारलं की गाजरगवताबरोबर उरलासुरला मारवेलही जातो आणि त्या उघड्या जमिनीवर सगळ्यात आधी कोण उगवतं? तेच. मिठाच्या पाण्याचंही तसंच. कोणी म्हणतं तरोटा पेरा, तो गाजरगवताला दाबतो. दाबतो खरा, पण कोवळा असताना आपण त्याची भाजी करू, ढोरं काय खातील? मेक्सिकन भुंग्याची मात्र मी चेष्टा करणार नाही. १९८३ साली तो बंगळूरला आणला आणि पुढच्या वर्षी सोडला. पावसाळ्यात तो नि त्याच्या अळ्या पानांचा फडशा पाडतात. पण भुंगा पानं खाईल, गवत थोडंच लावून देणार आहे!

आणि खरा मुद्दा गवताचाच आहे. माझ्या लहानपणी या गायरानात पवन्या, मारवेल, कुसळी असे. घरी येईपर्यंत धोतराला कुसळं. आखरावरून ढोरं सुटली की दिवसभर तिथेच. आज म्हातारा ढोरकी मला म्हणतो, "गुर्जी, बकरीबी तोंड लावत नाही याले." चुकून गाईने खाल्लं तर दूध कडू होतं. जमीन बारा महिने चरून, मुरूम खणून आपण उघडी केली. हे तण उघड्या जागेचं आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या कुरणांतही हेच तण आहे आणि तिथल्या पशुपालकांना पहिला सल्ला असतो तो गवताचं आच्छादन राखा, जास्त चारू नका, असा.

आपल्याला मात्र ते आलं कुठून याचा वाद प्रिय. पीएल ४८० च्या गव्हातून आलं, असं मीही वर्गात सांगत असे. पण पुण्यात ते १९५५ साली दिसलं आणि तो करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. त्याआधीच्या अमेरिकन गव्हातून आलं असेलही. असो. गव्हाला शिव्या देऊन गायरान हिरवं होत नाही.

माणसं नाहीत, हे कारण मला सांगू नका. २०१८ च्या वॉटर कपसाठी याच तालुक्यातली माणसं मे महिन्याच्या उन्हात चर खणत होती. त्यांना जुलैत मऊ मातीतलं रोप उपटता येणार नाही?

ग्रामसभेत मी मागणार आहे ते एवढंच, की पुढच्या पावसाळ्यात गायरानाचा एक कोपरा चराईला बंद ठेवा, तिथलं गाजरगवत जुलैअखेर दोनदा उपटा आणि मोकळ्या जागेत लगेच मारवेल-पवन्याचं बी टाका. चारा कापून न्यायचा, तोही बी पडल्यावर. ढोरकी कुरकुरेल. त्याच्या ढोरांना तेवढे महिने दुसरीकडे जागा द्यावी लागेल, हे मला कबूल आहे. तीही ग्रामसभेनेच ठरवावी.

बी विकत आणायची गरज नाही. संत्र्याच्या बगीच्यांच्या धुऱ्यांवर मारवेल अजून आहे. दिवाळीच्या सुमारास पोतं घेऊन मी गोळा करायला जाणार आहे. जावईबापू तेव्हा येतीलच, त्यांनाही नेईन.