खाडा बंद करा, मग पिशवीचं बोला

दसऱ्याच्या आधीचे पंधरा-वीस दिवस माझ्या ओपीडीत मंठा, परतूर, घनसावंगी, अंबडकडच्या रुग्णांची गर्दी असते. ऊसतोडीला निघण्याआधी "एकदा दाखवून जाऊ" म्हणून ही मंडळी येतात. कोल्हापूर, सांगली किंवा थेट कर्नाटक. एकदा गेलं की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत परत येणं नाही.

मागच्या एका हंगामाआधी अशाच गर्दीत पस्तिशीच्या आतली एक बाई नवऱ्याबरोबर आली होती. पाळीत जास्त जातं, चार दिवस कंबर धरते, अधूनमधून अंगावरून पांढरं जातं. हिमोग्लोबिन साडेसात. सोनोग्राफीत गर्भाशय अगदी व्यवस्थित. मी लोहाच्या गोळ्या दिल्या, रक्तस्राव कमी करणारं औषध दिलं, जंतुसंसर्गाचा इलाज लिहिला आणि सवयीने सांगितलं, "पाळीचे दोन-तीन दिवस जड काम नको."

ती म्हणाली, "सायेब, तीन दिवस बसले तर तीन खाडे पडतेत. त्यापरीस पिशवी काढायला कुठं जाऊ, तेवढं सांगा."

मी म्हटलं, विश्रांतीची चिठ्ठी लिहून देतो. इतका वेळ गप्प बसलेला नवरा तेव्हा बोलला, "चिठ्ठीनं खाडा फिटतो का, डॉक्टरसाहेब?"

मी नुसता पेन हातात धरून बसलो. आजचा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

खाडा म्हणजे नेमकं काय?

शहरातल्या वाचकांसाठी थोडं समजावून सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. हंगामाआधी हे जोडपं मुकादमाकडून उचल घेतं. त्या पैशात मुलीचं लग्न होतं, सावकार भागतो, आईचं आजारपण निघतं. मग पाच महिने फडात टनाच्या दराने ती उचल फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये हा दर वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला, त्याआधी तो २७३ होता. जोडीने दिवसभरात दोन टन तोडला, तर सातशेच्या आसपास रुपये होतात, तेही दोघांचे मिळून.

आता बाई आजारी पडली. त्या दिवसाची तोड गेली, म्हणजे मजुरी गेलीच. वर मुकादम दंड लावतो. तो खाडा. माझे रुग्ण दिवसाला पाचशे रुपये सांगतात, काही जण जास्तही सांगतात. हा आकडा उचलीत चढतो आणि हंगाम संपला तरी बाकी संपत नाही.

"काम नाही तर पगार नाही" हे आपण ऐकलेलं आहे. इथे काम नाही तर पगार नाही आणि वरून दंड. तापाने फणफणलेल्या माणसाला आजारी पडल्याबद्दल दंड करणारी दुसरी नोकरी मला माहीत नाही.

बीडचे आकडे

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे जवळपास सहाजणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये देशभराचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे.

हे बीडचं आहे, आपलं नाही, असं कोणी म्हणू नये. घनसावंगी आणि गेवराई यांच्यामध्ये फक्त गोदावरी आहे. मुकादमही तेच, फडही तेच, उचलीची रीतही तीच.

पिशवी काढल्याने काय होतं?

गर्भाशयात मोठ्या गाठी, कर्करोग, अंग बाहेर येणं, कुठल्याच औषधाने न थांबणारा रक्तस्राव, अशा आजारांत ही शस्त्रक्रिया जीव वाचवते. तिथे ती जरूर करावी. हा लेख वाचून कोणी गरजेचं ऑपरेशन टाळू नये.

पण निरोगी पिशवी "कटकट मिटावी" म्हणून काढली, तर कटकट मिटत नाही. पिशवीबरोबर बीजकोषही काढले, तर पाळी जाण्याचं वय त्याच दिवशी येतं. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोष ठेवले तरी ते काही वर्षं आधीच थकू शकतात. माझ्याकडे चाळिशीतल्या बाया साठीच्या बाईसारखी कंबर घेऊन येतात. विचारलं की कळतं, दहा वर्षांपूर्वी पिशवी काढलेली आहे.

आणखी एक. या ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नसतं. ज्या बाईला महिन्यात तीन दिवस मिळत नाहीत, तिला दोन महिने कोण देणार? टाके सुकले न सुकले की तीस-चाळीस किलोची मोळी पुन्हा डोक्यावर. मग पोट सुटतं, अंतर्गळ होतो. एक सुट्टी वाचवायला गेलं आणि जन्माचं दुखणं मागे लागलं.

मग तिने रजा मागायची कोणाकडे?

जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यातला कामगार आजारी पडला आणि त्याच्या नावावर ईएसआय असेल (पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये), तर डॉक्टरच्या प्रमाणपत्रावर त्याला वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. ही योजना मुळात १९४८ च्या कायद्याने आली. तिथेही सुपरवायझर रजेला नाही म्हणतो, ठेकेदार नाव चढवत नाही, हे मी रोज ऐकतो. पण निदान भांडायला एक कागद आहे, एक कार्यालय आहे.

ऊसतोडीत तेही नाही. कारखाना म्हणतो, ही माणसं आमची नाहीत, मुकादमाची आहेत. मुकादम म्हणतो, माझी स्वतःची मान कारखान्याच्या करारात अडकली आहे, टोळी कमी पडली तर मी कुठून भरू? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. रजा नाकारायलासुद्धा एक साहेब लागतो. या बाईला तोही नाही. तिला फक्त दंड लावणारा आहे.

बिहारमध्ये १९९२ पासून सरकारी नोकरीतल्या महिलांना पाळीसाठी महिन्याला दोन दिवसांची रजा आहे. टेबलाशी बसून काम करणारीला दोन दिवस मिळावेत हे योग्यच आहे. मग पहाटे चारला उठून फडात वाकणारीला त्याच दोन दिवसांचे हजार रुपये का भरावे लागतात?

नेहमीचे तीन युक्तिवाद

पहिला: "बाया स्वतःच मागतात, डॉक्टर काय करणार?" खरं आहे, माझ्यासमोरही मागितलं. पण एका बाजूला खाडा आणि दुसऱ्या बाजूला पिशवी ठेवून निवड करायला लावायची, आणि नंतर म्हणायचं की तिची इच्छा होती, याला मी संमती म्हणत नाही.

दुसरा: "माणसं बसली तर गाळप थांबेल." साखर कारखाना स्वतःची यंत्रं सफाईसाठी हंगामात बंद ठेवतो. यंत्राला विश्रांती दिली नाही तर ते बिघडतं, हे ज्यांना कळतं, त्यांना माणसाचं कळत नाही असं मी मानत नाही. यंत्राचा खर्च कारखान्याला पडतो. बाईचा खर्च बाईला पडतो. फरक एवढाच आहे.

तिसरा: "आता नियम कडक झालेत." बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितली. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण या नियमांनी ऑपरेशन अडवलं, खाडा नाही अडवला. बाईच्या कंबरेचं दुखणं होतं तिथेच आहे.

आम्ही डॉक्टरही दोषी आहोत

अंगावरून पांढरं जाणं म्हणजे कर्करोगाची सुरुवात, अशी भीती घालणारे आमच्याच व्यवसायातले आहेत. आठवडाभराच्या औषधाने बऱ्या होणाऱ्या तक्रारीसाठी पोट उघडलं गेलं. जे शस्त्रक्रिया करत नाहीत, त्या माझ्यासारख्यांनी काय केलं? "आराम करा" असं लिहिलं आणि पुढचा रुग्ण बोलावला. तो आराम कुठून येणार, हे विचारलं नाही. विश्रांती हे औषध आहे असं आम्ही मानतो, तर ते औषध रुग्णाला मिळतं की नाही, हे पाहणंही आमचं काम आहे.

काय व्हायला हवं

आजारपण, पाळी आणि बाळंतपण यासाठी खाडा लावणं बेकायदा ठरवा. उचल देताना हे कागदावर लिहा. ज्या कारखान्याच्या गव्हाणीत ऊस जातो, त्याच्या रजिस्टरवर स्त्री आणि पुरुष दोघांची वेगळी नावं चढू द्या, म्हणजे "आमची माणसं नाहीत" हे बंद होईल. महिन्यातल्या दोन दिवसांच्या पगारी विश्रांतीचा भार कारखान्याने उचलावा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ आहे. त्याच्या कामाची पहिली कसोटी मी एवढीच धरीन: खाडा गेला का?

हंगामाला जाण्याआधी हे करा

• सप्टेंबरातच हिमोग्लोबिन तपासा. कमी असेल तर लोहाच्या गोळ्या बरोबर घेऊन जा आणि हंगामभर घ्या. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात.

• पाळीत जास्त जात असेल तर त्यावर गोळ्या आहेत, हार्मोनची तांबीसारखी साधनं आहेत. पिशवी काढणं हा शेवटचा इलाज आहे.

• पांढऱ्या पाण्याला वास येत असेल, त्यात रक्त असेल, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर लगेच तपासून घ्या. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी रुग्णालयात होते.

• कोणी "पिशवी काढा" म्हटलं, तर सोनोग्राफीचा कागद घेऊन जालन्याच्या सरकारी स्त्री रुग्णालयात दुसरं मत घ्या. अशी शस्त्रक्रिया बहुतेक वेळा एका दिवसात ठरवावी लागत नाही.

• लघवी दाबून ठेवू नका, पाणी कमी पिऊ नका. फडात आडोसा नसतो हे मला माहीत आहे. टोळीतल्या चार जणींनी मिळून एका जुन्या साडीचा आडोसा केला तरी उन्हाळी लागण्याचा त्रास कमी होतो.

• टीबीचं औषध चालू असेल तर जाताना सांगा. पुढच्या गावच्या सरकारी दवाखान्यातही ते मोफत मिळतं. गोळ्या मधेच सोडू नका.

ती बाई एप्रिलमध्ये परत आली. पिशवी काढली नव्हती. गोळ्या घेतल्या होत्या, हिमोग्लोबिन साडेनऊवर आलं होतं, रक्त जाणंही कमी झालं होतं. मी विचारलं, आराम मिळाला का? तिने पिशवीतून मुकादमाच्या हिशोबाची वही काढून नवऱ्याच्या हातात दिली आणि त्याने मोजून सांगितलं, सात खाडे. साडेतीन हजार रुपये, पुढच्या उचलीत धरलेले.

तिचं गर्भाशय शाबूत राहिलं, याचं मला समाधान आहे. पण ते साडेतीन हजार तिने का भरायचे, याचं उत्तर तिला अजून कोणी दिलेलं नाही.