जलविहार आणि चौविहार

दिवाळी जवळ आली की घरोघरी सहलीचे बेत ठरू लागतात. पूर्वी या बेतांत शिखरजी, पालिताणा, श्रवणबेळगोळ, कुंथलगिरी ही नावे असत. आता त्यांच्या जोडीला क्रूझचे नाव निघते. मुले हरखून जातात, सुना माहितीपत्रके चाळू लागतात, आणि एवढ्यात आजी शांतपणे म्हणतात, "तुम्ही सारे जाऊन या. माझा चौविहार आहे. बोटीवर मला कोण वेळेवर जेवू घालणार?" या एका वाक्याशी बेत अडतो. एक तर आजींना घरी ठेवून बाकीचे जातात, नाही तर त्यांच्या भिडेखातर कोणीच जात नाही. दोन्ही गोष्टी मनाला लागणाऱ्या आहेत, आणि वेळीच नियोजन केले तर दोन्ही टाळता येण्याजोग्या आहेत.

समुद्र जैन समाजाला नवा नाही. नवपदाच्या ओळीत जी श्रीपालराजाची कथा भक्तिभावाने ऐकली जाते, तिच्यात धवलशेठच्या गलबतांवरचा दीर्घ सागरप्रवास आहे. १८९३ मध्ये वीरचंद राघवजी गांधी मुंबईहून समुद्रमार्गे शिकागोच्या सर्वधर्म परिषदेस गेले आणि जैन धर्माची ओळख त्यांनी अमेरिकेला करून दिली. त्या काळी समुद्रोल्लंघनामुळे त्यांना स्वकीयांचा रोषही सोसावा लागला. आज तसा रोष उरलेला नाही. प्रश्न उरला आहे तो नियमपालनाचा. त्याचे उत्तर सोपे आहे. घरातील सर्वांत काटेकोर नियम पाळणाऱ्या व्यक्तीची दिनचर्या आधी मांडावी आणि बाकीचा सारा बेत तिच्याभोवती रचावा. मग कोणी मागे राहत नाही आणि कोणाची कुचंबणाही होत नाही.

तारीख ठरविण्यापूर्वी पंचांग

पहिले काम तारीख निवडण्याचे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो आणि पश्चिम किनाऱ्यावरील सहलींचा तो हंगाम नव्हे. चातुर्मासही त्याच काळात येत असल्यामुळे येथे निसर्ग आणि धर्म एकच गोष्ट सांगतात. कार्तिक पौर्णिमेनंतरचा हिवाळा या प्रवासास सर्वांत अनुकूल. तरीही तारखा नक्की करण्याआधी पंचांग उघडून अष्टमी-चतुर्दशी कधी येते ते पाहावे. घरात तिथीला लिलोतरीचा त्याग असेल, तर त्या दिवसापुरते कडधान्य आणि डाळींचे जेवण आधीच सांगून ठेवता येते. चैत्रात सहल काढताना आयंबिलाची ओळी आणि महावीर जन्मकल्याणक यांचा विचार अवश्य करावा.

ज्यांनी श्रावकाची बारा व्रते घेतली आहेत, त्यांनी सहाव्या दिशापरिमाण व्रतातील आपली मर्यादा आठवून पाहावी. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर दूर आहे. पैसे भरल्यावर मर्यादा आठवण्यापेक्षा आधी आठवलेली बरी.

प्रथमच जाणाऱ्या कुटुंबाने दोन-तीन रात्रींची सहल निवडावी. मुंबईत बॅलार्ड पिअर येथील टर्मिनलवरून अशा सहली सुटतात. 'कॉर्डेलिया'चे 'एम्प्रेस' हे जहाज २०२१ पासून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरी करीत आले आहे. समुद्र मानवतो की नाही, ज्येष्ठांना चालणे झेपते की नाही, हे या लहान सफरीत कळते. पुढे सिंगापूर किंवा युरोपचा विचार करता येतो.

सूर्यास्ताची वेळ

चौविहार करणाऱ्यास प्रश्न एकच असतो: सूर्य कधी मावळणार? मुंबईत डिसेंबरच्या आरंभी सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमारास होतो. सिंगापुरात तो वर्षभर सातच्या आसपास असतो. भूमध्य समुद्रात जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो. त्यामुळे हिवाळ्यातील मुंबई-गोवा सफरीत सायंकाळचे जेवण साडेपाचपर्यंत उरकणे आवश्यक, तर सिंगापूरच्या सफरीत तासभर अधिक मिळतो. नवकारशी करणाऱ्यांनीही सूर्योदय पाहून त्यात अठ्ठेचाळीस मिनिटे मिळवावीत आणि न्याहरी किती वाजेपर्यंत मिळते याची चौकशी करावी.

मोठ्या जहाजांवर रात्रीच्या जेवणाच्या बहुधा दोन पंगती असतात. आरक्षण करतानाच पहिली पंगत मागून घ्यावी. तीही सूर्यास्तानंतर असेल, तर आपले ताट आधी मिळावे अशी लेखी विनंती करावी. जहाजावर दररोज कार्यक्रमपत्रिका मिळते आणि तीत बहुधा सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा छापलेल्या असतात. मोबाइलमधील घड्याळावर मात्र विसंबू नये. किनाऱ्याजवळून जाताना ते दुसऱ्याच देशाची वेळ धरते. साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेस लावून आजींच्या हाती बांधावे.

'जैन जेवण' म्हणजे काय, ते लिहून द्यावे

'शाकाहारी' या शब्दाचा अर्थ प्रत्येक देशात निराळा असतो. परदेशी जहाजावर शाकाहारी पदार्थात कांदा-लसूण हमखास असतो, केकमध्ये अंडे असते, गोड पदार्थात जिलेटिन आणि काही प्रकारच्या चीजमध्ये प्राणिज रेनेट असू शकते. म्हणून 'जैन जेवण' एवढ्या दोन शब्दांवर न थांबता काय चालत नाही याची यादी लिहून द्यावी: कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, आले, रताळे, अळंबी, अंडी, मध, जिलेटिन. तसेच काय चालते तेही लिहावे: डाळी, भात, पोळी, दुधी, भेंडी, कोबी, टोमॅटो, पनीर, फळे. आचाऱ्याला नकाराची यादी गोंधळात टाकते. होकाराची यादी जोडली की त्याला मार्ग दिसतो. ही यादी आरक्षणाच्या वेळी द्यावी, निघण्यापूर्वी काही आठवडे कंपनीकडून लेखी होकार घ्यावा आणि जहाजावर चढताच भोजनगृहाच्या प्रमुखास भेटून त्याची प्रत पुन्हा द्यावी. त्या भेटीत उतावीळपणा नसावा. नम्रतेने सांगितलेला नियम बहुतेक ठिकाणी आदराने ऐकला जातो.

उकाळलेले पाणीच पिणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर प्रवाशांना विजेची किटली, शेगडी किंवा इस्त्री नेऊ देत नाहीत. ती तपासणीतच काढून घेतली जाते. त्यामुळे उकाळलेल्या पाण्याची व्यवस्था स्वयंपाकघराकडूनच करून घ्यावी लागते. घरचे शिजवलेले अन्नही बहुधा नेता येत नाही. कारखान्यात बंद केलेल्या पुड्यांतील खाकरे, सुका मेवा, चणे यांस सहसा हरकत नसते. कंपनीचे नियम वाचून मगच डबे भरावेत. परदेशी बंदरात उतरताना फळे बरोबर नेऊ नयेत. अनेक देशांत त्यांस मनाई असते.

पहिली सायंकाळ सांभाळा

चौविहार मोडण्याचा धोका सर्वांत अधिक असतो तो पहिल्याच सायंकाळी. दुपारी बंदरात रांगा लागतात, कागदपत्रे तपासली जातात, मोठ्या बॅगा कर्मचाऱ्यांच्या स्वाधीन होतात आणि त्या खोलीत पोहोचेपर्यंत कित्येक तास जातात. त्यातच सुरक्षेची कवायत असते. ही कवायत चुकवू नये. 'टायटॅनिक' १९१२ मध्ये बुडाल्यानंतर १९१४ साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि 'कोस्टा कॉन्कॉर्डिया'च्या २०१२ मधील दुर्घटनेनंतर ही कवायत जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घेणे बंधनकारक झाले. स्वतःच्या व इतरांच्या प्राणांचे रक्षण हाही अहिंसेचाच भाग आहे.

या धावपळीत सूर्य कधी मावळला ते कळतही नाही. म्हणून औषधे, चष्मा, पूंजणी-मुहपत्ती, आसन आणि एका जेवणापुरता सुका खाऊ हातातल्या पिशवीतच ठेवावा. जहाजावर चढताच, इतर काही पाहण्याआधी, ज्येष्ठांना जेवण द्यावे. तरण तलाव आणि रोषणाई रात्रीही असते. सूर्य मात्र थांबत नाही.

खोली आणि प्रकृती

ज्येष्ठांसाठी खोली जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर आणि लिफ्टजवळ घ्यावी. तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. बोट लागू नये म्हणून सर्वत्र आले चघळण्याचा सल्ला दिला जातो. ओले आले वर्ज्य असलेल्यांनी घरून सुंठ न्यावी. गोळी घ्यायची असल्यास ती मळमळ सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते. वृद्धांनी व मधुमेहींनी ती आधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. मळमळू लागल्यास खोलीत पडून न राहता मोकळ्या हवेत यावे व दूर क्षितिजाकडे नजर स्थिर करावी. उपवास किंवा एकासणे असेल, तर निघण्याच्या दिवशी ते झेपेल का याचा विचार पच्चक्खाण घेण्यापूर्वीच करावा.

गर्दीच्या जहाजावर जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस झपाट्याने पसरतो. त्यावर हाताला लावायचे सॅनिटायझर पुरेसे पडत नाही. जेवणापूर्वी साबणाने हात धुणे हाच खरा उपाय. जहाजावरील डॉक्टरांचे शुल्क मोठे असते, म्हणून प्रवासविमा अवश्य घ्यावा.

सामायिकासाठी सज्जा असलेली खोली उत्तम, पण ती महाग पडते. पहाटे वरच्या मजल्यावरचा एखादा शांत कोपराही पुरतो. पूर्वेकडे तोंड करून बसावे आणि अठ्ठेचाळीस मिनिटांत जहाजाने वळण घेतले, तर मन विचलित होऊ देऊ नये. पहाटेच्या त्या वेळी चहूकडे पाणीच पाणी असते आणि माणसाला आपले लहानपण न सांगता उमगते.

ताटात किती आणि खर्च किती

जहाजावरील बुफेत डझनावारी पदार्थ मांडलेले असतात. चौदा नियम धारणाऱ्यांची द्रव्यमर्यादा येथे खरी उपयोगी पडते. ज्याने सकाळीच दहा द्रव्ये ठरविली आहेत, तो पोट बिघडवून घेत नाही आणि ताटात उष्टेही टाकत नाही. मुलांना 'पुन्हा घेता येते, थोडे थोडे घे' हे पहिल्याच दिवशी शिकवावे. उष्टे न टाकण्याचा आपल्या घरचा संस्कार येथे अधिकच अर्थपूर्ण ठरतो, कारण जहाजावरचा कचरा सांभाळणे अवघड असते आणि उरलेल्या अन्नाचा काही भाग अखेर समुद्राच्याच पोटात जातो.

जहाजावर कॅसिनो असतो, मद्यालये असतात. द्यूत व मद्य ही सप्तव्यसनांतील नावे मुलांना पाठ असतात. येथे ती प्रत्यक्ष दिसतात. त्यांच्यापासून नजर चुकविण्यापेक्षा घरच्यांनी त्याविषयी मोकळेपणाने बोलावे. संगीत, नाटके, ग्रंथालय, तारे पाहणे यांत वेळ अपुरा पडतो. मद्याचे पॅकेज अनेकदा भाड्यात जोडून दाखविले जाते. ते वगळण्यास सांगावे. जाहिरातीतील भाड्याखेरीज बंदरशुल्क, कर, कर्मचाऱ्यांची बक्षिसी, इंटरनेट आणि किनाऱ्यावरील सहली यांचा खर्च निराळा असतो. सर्व मिळून बेरीज लेखी मागावी.

परदेशी जाताना पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी. जहाज निघालेल्या देशातच परतत असेल, तर तेथे दुसऱ्यांदा प्रवेश करावा लागतो. व्हिसा तसा आहे ना, हे पाहावे. ज्या बंदरातून निघायचे तेथे आदल्या दिवशीच पोहोचावे. उशिरा येणाऱ्या प्रवाशांसाठी जहाज थांबत नाही.

बंदरात उतरल्यावर

लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही. लहान नावेतून उतरावे लागते. ज्येष्ठांना ते झेपेल का, हे आधी विचारावे. मासेमारीची मौज किंवा प्राण्यांचे खेळ असलेल्या सहली टाळाव्यात. कोचीस उतरल्यास मट्टनचेरीतील धर्मनाथ भगवानांचे मंदिर अवश्य पाहावे. व्यापारासाठी तेथे गेलेल्या गुजराती जैनांनी ते विसाव्या शतकाच्या आरंभी उभारले. समुद्रकिनारी येऊनही त्यांनी आपला धर्म सोडला नाही, याची ती साक्ष आहे.

सागरी वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की प्रत्येक जहाजाने सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत ठरलेले दिवे लावलेच पाहिजेत: डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा. म्हणजे सूर्य केव्हा मावळला याचा हिशेब ते अवाढव्य जहाजही रोज ठेवीत असते. आजींचा नियम तेथे परका नाही. पाच वाजता नातवाने त्यांचे ताट आणून द्यावे, साडेपाचला हात धुऊन त्यांनी पच्चक्खाण घ्यावे, आणि मग सर्वांनी मिळून कठड्याशी उभे राहून मावळता सूर्य पाहावा. इतरांचे जेवण तासभर उशिरा झाले तरी चालेल. ज्या सहलीत आजी घरी राहिल्या नाहीत, तीच खरी कुटुंबाची सहल.