दारावर डकवलेले समन्स

दिवाळी झाली, भात झोडून झाले, की जव्हार-मोखाड्याचे पाडे रिकामे होऊ लागतात. उचल घेतलेली कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात कर्जवसुलीच्या दाव्याचे समन्स आले, तर बेलिफाला घरात सज्ञान माणूस भेटत नाही. तो कागद दाराला डकवतो आणि तसा अहवाल जव्हारच्या दिवाणी कोर्टात देतो. कोर्टाने तो मान्य केला, की समन्स बजावले गेले. लेखी कैफियत द्यायला 30 दिवस मिळतात, कारण दाखवले तर 90. माणूस घरी येतो तोवर एकतर्फी हुकूमनामा होऊन गेलेला असू शकतो.

दाव्यातला आकडा अनेकदा वादाचा असतो. उचल किती घेतली, दर आठवड्याला खर्ची किती मिळाली, पाडलेल्या विटांचे किती वळते झाले, हे सगळे मुकादमाच्या वहीत असते. मजुराकडे त्याची नक्कल नसते. कोऱ्या कागदावर अंगठा मात्र आधीच दिलेला असतो. अशा आकड्याला ‘कबूल नाही’ असे कोर्टात सांगणे हा मजुराचा हक्क आहे, आणि तो बजावला नाही तर वहीतला आकडाच खरा ठरतो.

या भागात छोटे कर्ज कुठवर जाते, हे आपण पाहिले आहे. 2021 च्या ऑगस्टमध्ये मोखाडा पोलिसांत वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या 500 रुपयांपोटी एका आदिवासी मजुराला राबवून घेतले, अशी ती तक्रार होती. तक्रार नोंदवली गेली तेव्हा तो मजूर जिवंत नव्हता. त्याने आत्महत्या केली होती.

ज्या 1976 च्या कायद्याखाली तो गुन्हा नोंदवला गेला, त्याचे कलम 6 स्पष्ट आहे. वेठबिगारीचे कर्ज फेडण्याची जबाबदारीच त्याने संपवली आहे, आणि त्याच्या वसुलीचा दावा दिवाणी कोर्टात चालत नाही. कलम 15 तर मजुराच्या हातातले खरे हत्यार आहे. हे कर्ज वेठबिगारीचे आहे असे त्याने म्हटले, की तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर पडतो. सावकाराचे कर्ज असेल तर 2014 चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा आहे. कर्ज देताना सावकाराकडे वैध परवाना नव्हता, तर कोर्टाने त्याचा दावा फेटाळलाच पाहिजे. हे दोन्ही कायदे चांगले आहेत. पण प्रतिवादीची जागा रिकामी राहिली तर ही गोष्ट कोर्टापुढे मांडणार कोण?

घेतलेले पैसे बुडवा, असे कोणी म्हणत नाही. जेवढे खरे तेवढे मान्य करावे. बाकीचे कैफियतीत एकेक रक्कम घेऊन स्पष्ट नाकारावे. मोघम नकार कोर्टात टिकत नाही. जे नीट नाकारले नाही, ते कबूल केल्यासारखे धरले जाते. वादीकडे हिशोबाचा उतारा मागावा. उसन्या पैशांच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, म्हणून जुन्या कर्जाच्या नव्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. फायनान्स कंपन्यांच्या नोटिशीने घाबरून लोकअदालतीत भलत्या आकड्यावर तडजोड करणेही तितकेच धोक्याचे, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

भीती आणखी एका गोष्टीची असते: जमीन जाईल, भांडी-बैल नेतील. शेतकऱ्याचे बैल, अवजारे, बियाणे, स्वयंपाकाची भांडी आणि मजुराची मजुरी यांवर जप्ती येत नाही. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ ने निर्बंध आहेत. त्यात हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत होणारी विक्रीही येते. हे ज्याला माहीत नाही, तो धमकी ऐकूनच मिळेल त्या अटीवर पुन्हा भट्टीवर जातो.

वकिलाच्या फीची अडचण कायद्याने 1987 मध्येच सोडवली आहे. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. म्हणून आमची मागणी साधी आहे. वसुलीच्या प्रत्येक समन्ससोबत तालुका विधी सेवा समितीचा पत्ता आणि 15100 हा मदत क्रमांक मोठ्या अक्षरांत जावा. विधी सेवेची शिबिरे माणसे गावात असताना व्हावीत, आणि हंगामात भट्ट्यांवरही. पेसा कायद्याने सावकारीवर लक्ष ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. दारावर डकवलेल्या कागदाची खबर त्या कुटुंबाला फोनने कळवण्याचे काम तिने आपल्याकडे घ्यावे.

एकतर्फी हुकूमनामा झाला असला तरी वाट संपत नाही. समन्स नीट बजावले गेले नसेल, तर हुकूमनामा कळल्या दिवसापासून 30 दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो. गावातल्या शिक्षकांना, ग्रामसेवकांना, आशाताईंना विनंती आहे: कोणी असा कागद वाचायला आणला, तर आधी त्यावरची तारीख पाहा, ती मोठ्याने सांगा, आणि त्या माणसाला त्याच आठवड्यात जव्हारला पाठवा.