आरोग्यचर्चा : जांभळा रंग आणि हृदय

एका भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांच्या मामंजींना रक्तदाबाचा विकार आहे. हल्लीं ते रोज सकाळीं ब्ल्यूबेरीचें सरबत घेतात, आणि 'यानें हृदय सुरक्षित राहतें' असें म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या त्यांनीं बंद केल्या आहेत. घरांत त्यांच्यापुढें बोलावें कोणीं, अशी सूनबाईंना विवंचना पडली आहे. त्यांचें भय रास्त आहे. परंतु मामंजींनीं ऐकलेली गोष्टहि अगदींच निराधार नव्हे.

ब्ल्यूबेरी, स्ट्रॉबेरी इत्यादि फळांना तांबडा-निळा रंग येतो तो अँथोसायनिन नांवाच्या द्रव्यांमुळें. अमेरिकेंत सुमारें ९३,६०० परिचारिकांची १८ वर्षें पाहणी झाली. २०१३ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हीं द्रव्यें ज्यांच्या आहारांत सर्वांत अधिक, त्यांच्यांत हृदयविकाराच्या झटक्याचें प्रमाण सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षां शेकडा ३२ नें कमी आढळलें. अर्थात् फळें खाणाऱ्या स्त्रिया इतर बाबतींतहि जपून वागत असतील, ही शंका राहतेच.

मौज अशी कीं, या द्रव्यांचा फारच थोडा अंश मूळ रूपांत रक्तांत जातो. बराचसा मोठ्या आंतड्यांत उतरतो, आणि तेथील जंतु त्याचें विघटन करून निराळीं आम्लें बनवितात. तीं मग रक्तांत शिरतात. जंतु म्हटलें कीं आपण नाक मुरडतों, पण हे बिऱ्हाडकरू भाडें चुकतें करणारे आहेत! जर्मनींतील ९०४ माणसांच्या, २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत भरपूर बेरी खाणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सुमारें ४ मिलिमीटरनें कमी होता, आणि या फरकापैकीं शेकडा १२ च्या आसपास भाग आंतड्यांतील जंतूंच्या द्वारें घडलेला दिसला.

आतां मामंजींच्या मुद्द्याकडे येऊं. इंग्लंडांत ११५ स्थूल व हृदयविकाराचा धोका असलेल्या माणसांवर सहा महिने प्रयोग झाला (२०१९). रोज पेलाभर ब्ल्यूबेरीइतकी पूड घेणाऱ्यांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरणशक्ति सुधारली; अर्ध्या पेल्यानें तसें झालें नाहीं. रक्तदाबांत मात्र फरक पडला नाहीं. म्हणजे ज्या कामासाठीं मामंजींनीं गोळ्या सोडल्या, तेंच काम या फळानें तेथें केलें नाहीं. शिवाय सरबतांतील साखर ती वेगळीच.

आपल्या जांभळांत व पिकल्या करवंदांतहि याच कुळांतलीं रंगद्रव्यें आहेत. वरील प्रयोग त्यांवर झालेले नसले, तरी हंगामांत तीं अवश्य खावीं. पदरचे पैसे खर्चून परदेशी बाटली आणण्याचें कारण नाहीं.

सूनबाईंनीं स्वतः वाद घालूं नये. यजमानांनीं वडिलांस आजच डॉक्टरांकडे न्यावें, रक्तदाब मोजून घ्यावा, आणि गोळ्या किती दिवस बंद आहेत तें स्पष्ट सांगावें. सरबताची बाटलीहि बरोबर असूं द्यावी.